पिवळी, तांबडी की कोरी? मेंढीच्या पाठीवरचा रंग कसा वाचायचा

परदेशातल्या कुरणांचे व्हिडिओ मोबाईलवर फिरत असतात. हिरवा माळ, पांढऱ्याशुभ्र मेंढ्या, आणि प्रत्येकीच्या शेपटीच्या वर पिवळा, निळा नाहीतर तांबडा फराटा. कोल्हापूरच्या माणसाला पहिल्यांदा पट्टणकोडोलीची जत्राच आठवणार. तिथं भंडाऱ्यात न्हालेली मेंढरं आपण पाहिलेली असतात. पण व्हिडिओतला हा रंग कुणी उधळलेला नाही की मालकीची खूण म्हणून लावलेला नाही. तो मेंढ्याने लावलाय.

मेंढ्याच्या छातीवर पट्ट्यांचा एक साज बांधतात. त्याला मार्किंग हार्नेस म्हणतात. या साजात रंगाचा जाड मेणखडू बसवलेला असतो. मेंढा मेंढीवर उडाला की खडू तिच्या पाठीला घासतो. रात्रीत कोणत्या मेंढीला मेंढा लागला हे सकाळी लांबूनही कळतं. कल्पना एवढीच. फसगत होते ती रंग कधी बदलायचा आणि दिसलेल्या रंगाचा अर्थ काय लावायचा, या दोन ठिकाणी.

आधी १७ दिवसांचं गणित

गाभण नसलेली मेंढी साधारण दर १७ दिवसांनी माजावर येते. कुणी १४व्या दिवशी येते, कुणी १९व्या, सरासरी १७. माज टिकतो २४ ते ३६ तास. गाभ राहिला तर पुढचा माज येत नाही. नाही राहिला तर ती उलटते, म्हणजे पुन्हा माजावर येते आणि मेंढा पुन्हा तिच्यावर उडतो.

साजाची सगळी उपयुक्तता या उलटण्यात आहे. पहिले १७ दिवस पिवळा खडू ठेवला आणि १८व्या दिवशी तांबडा बसवला, तर ज्या पिवळ्या मेंढीवर तांबडा फराटा उठला ती उलटली. जी पिवळीच राहिली ती बहुतेक गाभण. म्हणून रंग बदलला नाही तर साज बांधून फारसं काही हाती लागत नाही. फक्त मेंढा कामाला लागलाय एवढंच कळतं, आणि ते साजाशिवायही दिसतं.

साजाचे भाग

नायलॉनचे किंवा चामड्याचे पट्टे, बकला, छातीवर येणारी धातूची किंवा प्लॅस्टिकची पाटी, पाटीत सरकवायचा खडू आणि तो सुटू नये म्हणून आडवी घालायची स्प्लिट पिन. पट्ट्यांची एक जोडी मानेच्या दोन्ही बाजूंनी वर जाते, दुसरी पुढच्या पायांमागून छातीला वेढा घालते, आणि दोन्ही खांद्यांच्या वर एकत्र येतात. पिनेची दोन्ही टोकं वाकवून पाटीला चिकटवून बसवायची. उघडं टोक मेंढीच्या पाठीला ओरखडा काढतं, जाळीत अडकतं ते वेगळंच. चार-सहा पिना जवळ असू द्या. हरवते ती नेहमी पिनच.

बांधताना

मेंढा आधी कातरून घ्या, निदान छाती आणि काखा तरी. दाट लोकरीवर बांधलेला पट्टा दोन दिवसांत ढिला पडतो, कारण लोकर दबते. मेंढा सपाट जागी उभा करून पाटी दोन पुढच्या पायांच्या मधोमध, छातीच्या हाडावर येईल असं बघा. पाटी मागं पोटाकडं गेली तर खडू मेंढीला टेकत नाही, आणि फार पुढं गळ्याकडं गेली तर मेंढ्याला मान खाली घालून चरता येत नाही. पट्ट्याखाली दोन बोटं आडवी जावीत, पण अख्खा हात जाऊ नये.

पहिल्या दिवशी बांधून विसरलात तर हमखास घोटाळा होतो. नायलॉन ताणतं, मेंढा अंग झाडून पट्टे सैल करतो आणि हंगामात त्याचं वजनही उतरतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पट्टे आवळा, मग आठवड्यातून एकदा तपासा. ढिल्या पट्ट्यात पुढचा पाय अडकून मेंढा तीन पायांवर उभा राहिलेला आढळतो. आवळ पट्ट्याने कोपरामागची, काखेतली कातडी सोलते, आणि पावसाळ्यात तिथं माशी बसून अळ्या पडायला दोन दिवस पुरतात. दर तपासणीला काखेत हात घालून बघा. ओलसर, गरम किंवा सोललेलं लागलं तर साज उतरवा आणि जखम भरेपर्यंत रंगाचा लेप वापरा. लेपाचं पुढं सांगितलं आहे.

मेंढा कळपात सोडायच्या तीन-चार दिवस आधी नुसता साज, खडू न घालता, बांधून ठेवावा. तोवर त्याला सवय होते आणि पट्टेही बसतात.

खडू हवामान बघून

हे मेणखडू नरम, मध्यम आणि कडक असे मिळतात, आणि फरक हवामानाचा असतो. थंड देशातला नरम खडू आपल्या चैत्रात वापरला तर दुपारीच वितळतो, आणि सगळा रंग मेंढ्याच्या छातीवर आणि तो जिथं बसतो त्या मातीवर जातो. उलट उन्हाळ्याचा कडक खडू श्रावणातल्या गार हवेत दगडासारखा होतो. मेंढा उडतो, पण खूण उमटत नाही. कोल्हापूरच्या पावसाळ्याला मध्यम खडू बरा आणि मार्च ते मे कडक. डब्यावरच्या तापमानापेक्षा एक साधी परीक्षा भरवशाची: सकाळी खडू हाताच्या पाठीवर हलका ओढा. सहज रेघ उठली पाहिजे, पण गोळा चिकटता कामा नये.

आठवड्यात खडूकडे दोनदा बघा. त्यावर लोकर, शेण आणि चिखलाचा थर बसतो आणि खूण फिकी होते. चाकूने वरचा थर खरवडला की झालं. खडू एकाच कडेला झिजला असेल तर पाटी तिरकी बसली आहे. खडू अजिबात झिजला नसेल तर एक तर तो फार कडक आहे, नाहीतर मेंढा आळशी. दुसरी शक्यता आधी तपासा. शिल्लक खडू पत्र्याच्या पेटीत उन्हात ठेवू नका.

तारखा मांडून बघू

समजा १ जुलैला मेंढा सोडला. खडू पिवळा. १८ जुलैला तांबडा बसवला, ४ ऑगस्टला निळा, आणि २१ ऑगस्टला मेंढा काढून घेतला. मेंढीचा गाभणकाळ साधारण १५० दिवस, चार-पाच दिवस इकडं-तिकडं. म्हणजे पिवळ्या मेंढ्या साधारण २८ नोव्हेंबर ते १४ डिसेंबर या काळात व्यायच्या. तांबड्यांचं वेत १५ ते ३१ डिसेंबर, निळ्यांचं जानेवारीच्या पहिल्या १७ दिवसांत.

रंग नेहमी फिक्याकडून गडदकडे न्यायचा. पिवळ्यावर तांबडा दिसतो, पण निळ्यावर पिवळा घासला गेला तर कळत नाही.

रंग १७ दिवसांनीच का, महिन्याने का नाही? पहिल्या दिवशी मेंढा लागलेली मेंढी १८व्या दिवशी उलटली आणि खडू अजून पिवळाच असेल, तर पिवळ्यावर पिवळा चढतो. ती गाभण धरली जाते आणि डिसेंबरात आपण नुसती वाट बघत बसतो. १४-१५ दिवसांत उलटणाऱ्या मेंढ्या १७ दिवसांच्या हिशेबातूनही निसटतात, म्हणून काही जण १४व्या दिवशीच रंग बदलतात. लवकर बदलल्याने नुकसान काही नाही, फक्त रंग जास्त लागतात.

आणि वही हवी. रोज सकाळी कळप चरायला निघताना नवीन रंग लागलेल्या मेंढीचा कानबिल्ला नंबर आणि तारीख लिहायची. रंग पावसाने, घासण्याने फिका होतो आणि कातरणी झाली की लोकरीबरोबर सगळा हिशेबच पोत्यात जातो. एका मेंढ्यामागं ३५ मेंढ्या धरल्या तर दिवसाला सरासरी दोनच नवीन नोंदी होतात. पाच मिनिटांचं काम.

शाई लागली म्हणजे निवडून आला असं नाही

मतदानाची शाई बोटाला लागली की माणूस मतदान करून आला एवढंच कळतं. निकाल कळत नाही. मेंढीच्या पाठीवरचा रंगही तसाच. मेंढा तिच्यावर उडाला, इथपर्यंत खात्री. गाभ राहिला की नाही ते सांगतो पुढच्या फेरीचा रंग, किंवा खरं तर त्या रंगाचं न उमटणं.

हा फरक मेंढ्याच्या बाबतीत सर्वांत महागात पडतो. मेंढ्याचं बीज तयार व्हायला सुमारे सात आठवडे लागतात आणि ते बाहेर पडायच्या जागी यायला आणखी दीड-दोन आठवडे. मे महिन्यात त्याला जोराचा ताप येऊन गेला असेल, किंवा उन्हाचा तडाखा बसला असेल, तर जुलैत तो धडधाकट दिसेल, जोमाने उडेल, कळप पिवळाधमक करेल. आणि गाभ धरणार नाही. साज नसेल तर हे डिसेंबरात कळतं. साज असेल तर जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, कारण पिवळ्या मेंढ्या एकामागून एक तांबड्या व्हायला लागतात. चांगल्या कळपात पहिल्याच फेरीत दहापैकी सात-आठ मेंढ्या गाभ धरतात. तीनातली एक उलटत असेल तर कान टवकारा. निम्म्या उलटायला लागल्या तर थांबू नका, मेंढा बदला. एवढ्या एका गोष्टीसाठीसुद्धा साजाचा खर्च निघतो, असं आमचं मत आहे.

बाकी खुणांचा अर्थ असा. ३५ मेंढ्यांच्या गटात पहिल्या आठवड्यात बारा-पंधरा रंगल्या पाहिजेत. तीन-चारच रंगल्या असतील तर आधी खडू बघा, मग मेंढ्याचे पाय बघा; लंगडा मेंढा उडत नाही. शेवटपर्यंत कोरी राहिलेली मेंढी बहुधा फार वाळलेली असते, पिणारं कोकरू अंगावर असलेली असते, नाहीतर भाकड. किंवा मेंढा सोडण्याआधीच ती गाभण होती. आपल्याकडं हे शेवटचं कारण सगळ्यांत जास्त आढळतं.

एक अपवाद लक्षात ठेवा. मेंढा बरेच आठवडे नजरेआड, वासाआड ठेवून अचानक कळपात सोडला, तर माजावर न येणाऱ्या मेंढ्याही जाग्या होतात. मात्र त्यांचा पहिला माज मुका असतो, बाहेर दिसत नाही. अशा कळपात पहिल्या १७ दिवसांत रंग कमी लागतो आणि १८ ते २५ दिवसांत एकदम गर्दी उडते. तिथं मेंढ्याला दोष देऊ नका.

खोट्या खुणा

शेतात मेंढ्या बसवतात तेव्हा रात्री जाळीच्या वाघरीत सगळी मेंढरं एकमेकांना खेटून असतात. मेंढा शेजारणीला अंग घासतो आणि तिच्या कुशीला, मांडीला रंगाचे डाग लागतात. खरी खूण शेपटीच्या मुळापासून वर कमरेकडं, मधोमध, जाडसर आणि लोकर विस्कटलेली असते. कुशीवरचा फिका डाग वहीत घेऊ नका. शंका असेल तर प्रश्नचिन्ह टाका आणि दुसऱ्या दिवशी बघा.

“आमची मेंढी काळी. तिच्यावर रंग दिसणार कसा?”

रास्त शंका. परदेशी पुस्तकातला पिवळा-तांबडा-निळा हा क्रम पांढऱ्या मेंढीसाठी आहे. आपली दख्खनी बहुतेक काळी किंवा काळी-करडी. तिच्यावर निळा दिसत नाही, तांबडा सुकल्यावर तपकिरी होऊन लोकरीत मिसळून जातो. काळ्या कळपासाठी पिवळा आधी आणि मग झगझगीत गुलाबी, असे दोनच रंग घ्या. भगवा टाळा, आठवड्याभरात धुळीने माखलेला पिवळा आणि भगवा ओळखू येत नाहीत. खुणा सकाळच्या तिरक्या उन्हात बघा, आणि अडलंच तर हाताने चाचपा: मेण लागलेली लोकर चिकट, जड लागते.

जतकडची माडग्याळ मेंढी पांढरी असते, पण अंगावर तपकिरी ठिगळं. ठिगळ नेमकं कमरेवर असेल तर तांबडा तिथं हरवतो. तिला निळा बरा.

“मेंढा वर्षभर कळपातच असतो, मग?”

मग साज आणून उपयोग नाही. आधी मेंढा वेगळा करायला शिकावं लागेल. मेंढे कायम कळपात असले की मेंढ्या केव्हाही गाभण होतात, आणि साज बांधाल त्या दिवशी कळपातल्या निम्म्या आधीच गाभण असतात. त्या कोऱ्या राहतात आणि वाचणारा गोंधळतो.

फिरत्या कळपाला मेंढा वेगळा ठेवणं अवघड, हे खरंच आहे. राधानगरी-गगनबावड्याच्या पावसात मेंढरू टिकत नाही, म्हणून पावसाळ्यात कळप पूर्वेकडं कमी पावसाच्या पट्ट्यात असतात. तिथं मेंढ्यासाठी दुसरा माणूस, दुसरं रान कुठून आणायचं? त्यावर जमणारी तोड म्हणजे रात्री सोडणं आणि दिवसा वेगळं ठेवणं. माज २४ ते ३६ तास टिकतो, त्यामुळं माजावरची मेंढी एका तरी रात्री मेंढ्याला सापडतेच. दिवसा मेंढा पालाजवळ सावलीत बांधून खुराक द्यायचा. बाभळीच्या काट्यांत पट्टे अडकत नाहीत, उन्हात खडू वितळत नाही आणि मेंढ्याची ताकदही वाचते. हंगामाच्या आधीच्या दीड-दोन महिन्यांत मात्र तो पूर्ण वेगळा हवा. ते जमत नसेल तर निदान पोटाखाली पोत्याचा पडदा बांधा, म्हणजे उडाला तरी लागणार नाही. पडदा रोज साफ करावा लागतो; मुताने भिजून कातडी सडते.

साज नसेल तर काव आणि पिवडी

इंग्लंडात साज यायच्या आधी मेंढ्याच्या छातीला तांबडी माती फासायचे. ती माती म्हणजे आपली काव, म्हणजे गेरूच. आजही तिकडं बरेच जण रंगाची भुकटी तेलात कालवूनच वापरतात.

काव किंवा पिवडी (रंगाची पिवळी माती) खाद्यतेलात पिठल्याइतकी दाट कालवा. पातळ झाली की ओघळून पोटावर जाते. लाकडी पट्टीने छातीच्या हाडावर, तळहाताहून थोड्या मोठ्या जागेत थापा. लेप रोज किंवा दिवसाआड लावावा लागतो, पावसात रोजच. मेंढ्याला त्याच वेळी खुराक ठेवला की तो आपणहून येऊन उभा राहतो. काळ्या कळपाला पिवडी, पांढऱ्याला काव. हळद घालू नका. भंडाऱ्याचा रंग उन्हात उडतो हे आपल्याला माहीत आहेच. गाडीचं जळकं ऑईल तर नकोच, त्याने कातडी भाजते. आणि ऑईलपेंट लोकरीतून निघत नाही. घोंगडीच्या काळ्या लोकरीत त्याची गुठळी आली तर विणकर तो लॉट बाजूला काढतो.

पंधरा-वीस मेंढ्या आणि एक मेंढा असेल तर साज घेऊच नका, लेप पुरे. पन्नासच्या वर कळप गेला की रोजची थापाथापी होत नाही, आणि मग साज परवडतो.

दोन-तीन मेंढे असतील तर

शंभर मेंढ्यांना तीन मेंढे लागतात. साज बांधायचा तर तिघांनाही. एकाला सोडलं तर त्याने लावलेल्या मेंढ्या कोऱ्या दिसतात. प्रत्येकाला वेगळा रंग दिला तर बाप कळेल, असं वाटतं. पण एकाच मेंढीवर दोघंही उडतात, आणि फेरीगणिक रंग बदलायलाही रंग उरत नाहीत. बाप नक्की हवा असेल, समजा फलटणच्या निंबकर संस्थेच्या सुवर्णा जातीचा जुळ्यांचं जनुक असलेला मेंढा आणलाय आणि त्याच्या माद्या राखायच्या आहेत, तर त्याचा गट वेगळाच करा. कळपात ठेवून रंगावर विसंबू नका.

तारीख कळून करायचं काय?

कारखान्याचा शेती विभाग उसाच्या लागणीची तारीख का लिहून घेतो? तोडणीचा प्रोग्राम त्यावर लागतो. लागणीची नोंद नसलेला ऊस फडात उभा राहतो. मेंढीचंही तसंच.

गर्भाची बहुतेक वाढ शेवटच्या सहा आठवड्यांत होते. खुराक तेव्हा लागतो, आधी नाही. तारखा माहीत नसल्या की एक तर सगळ्या कळपाला तीन महिने खुराक घालावा लागतो, नाहीतर कुणालाच मिळत नाही. दुसरंच जास्त घडतं, आणि अशक्त कोकरं, आटलेली कास हा त्याचा परिणाम. वर मांडलेल्या हिशेबात पिवळ्या मेंढ्यांचा खुराक १७ ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होतो, तांबड्यांचा ३ नोव्हेंबरला. रोज पाव किलो धान्य-पेंडीचं मिश्रण धरलं तर तांबड्या ३० मेंढ्यांमागं १७ दिवसांचे सव्वाशे किलोंहून जास्त वाचतात. आंत्रविषाराची (आतड्यातल्या जंतूंच्या विषाने होणाऱ्या रोगाची) लस विण्याआधी चार ते सहा आठवडे दिली की चिकातून कोकरालाही संरक्षण जातं. तीही रंगाच्या गटाप्रमाणे पशुवैद्यकाला विचारून टोचता येते. आणि कळप हलवायचा असेल तेव्हा पिवळ्या मेंढ्या मागं, गावाजवळ ठेवून कोऱ्या पुढं काढता येतात.

मेंढा काढल्यावर साज गरम पाण्याने धुवा, पट्ट्यांतली लोकर काढा, बकलांना तेलाचा हात लावा आणि उंदीर पोचणार नाहीत अशा जागी टांगून ठेवा. मेणाचा वास त्यांना फार आवडतो.